कोयता, घरकुल आणि बरं होण्याचे दिवस

आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. घरात दीड-दोन वर्षांचं, नुकतंच धावायला लागलेलं मूल आहे. घराचं काम काढलेलं आहे. आणि त्याच सुमारास नवरा-बायकोपैकी एकाचं ऑपरेशन झालं आहे. अशा वेळी घर चालतं कसं? यातलं थोडंफार आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवलेलं असेल. पण आज हाच प्रश्न आपण बीड जिल्ह्यात, ऊसतोड कामगाराच्या घरात नेऊन बघणार आहोत. कारण तिथे या तीन गोष्टी एकत्र येतात तो नुसता योगायोग नसतो. त्यामागे एक हिशेब असतो, आणि त्या हिशेबात बरं होण्याचे दिवस कुठेच धरलेले नसतात. आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. बीड जिल्ह्यात अकरा तालुके. बालाघाटच्या डोंगररांगांनी जिल्ह्याचे दोन भाग पडतात, आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर इथल्या माणसांचं पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे जाणं वाढत गेलं. आज काही लाख माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी सोलापूर, नगरकडे, कुणी थेट कर्नाटकात.

या कामाचं एकक माणूस नसतं, जोडी असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जी उचल देतो, ती कोयत्यावर देतो. मग दोघांनी मिळून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या. एक जोडी दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. मजुरी टनावर मोजली जाते आणि आधी घेतलेल्या उचलीतून ती वळती होत जाते. एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही, तर तो खाडा. खाड्याचा भुर्दंड पुन्हा उचलीच्याच हिशेबात येतो. म्हणजे बायको आजारी पडली की मजुरी निम्मीच बुडते असं नाही, कोयता मोडतो. हे लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे.

आता वर्षाचं कॅलेंडर मांडू. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल उसाच्या फडात. मग गावी उरतात पाच-सहा महिने. घरची, शेतीची, लग्नाची, दवाखान्याची जी काही कामं असतील ती याच महिन्यांत बसवायची. त्यातलं मोठं काम म्हणजे घर.

घर म्हणजे बहुतेक वेळा घरकुल. २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवले गेले, घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. हे पैसे एकदम हातात येत नाहीत. बांधकाम एका टप्प्याला पोचलं, त्याचा फोटो चढला, की पुढचा हप्ता. सोबत शौचालयासाठी १२ हजार, आणि योजनेच्या रचनेत रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरीही जोडलेली होती. ही मजुरी कोण करणार? घरातलेच. म्हणजे गवंडी तेवढा बाहेरून आणायचा. विटा देणं, वाळू चाळणं, घमेली उचलणं, भिंतींवर पाणी मारणं हे घरातल्या दोघांनी करायचं. त्यातही पाणी मारणं बाईकडे. एप्रिल-मेमध्ये बीडच्या बऱ्याच गावांत प्यायलाच टँकर असतो, आणि सिमेंटच्या कामाला तर किमान सात ते दहा दिवस सतत ओल लागते. हंडा-हंडा पाणी आणून भिंती भिजवणं हे त्या महिन्यातलं तिचं रोजचं काम होऊन बसतं.

हप्ता यायला उशीर झाला की वाळू, स्टील, गवंडी यांचे पैसे कुठून येतात? बरेचदा पुढच्या हंगामाच्या उचलीतून. म्हणजे घराची भिंत उभी राहते तेव्हाच पुढच्या हिवाळ्यातले दोघांचे हात गहाण पडलेले असतात.

आणि याच पाच-सहा महिन्यांत तिसरी गोष्ट येते. ऑपरेशन.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते यामुळे. गावाकडे याला 'पिशवी काढणं' म्हणतात, म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. त्या वर्षी जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांमधून अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सोपं करून सांगायचं तर साधारण सहा जणींमागे एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन पाहण्यांची तुलना तंतोतंत होत नाही हे मान्य, पण फरक इतका मोठा आहे की तो नजरेआड करता येत नाही.

प्रश्न तिथे संपलेला नाही. २०२५ मध्ये जिल्ह्याच्या आरोग्य तपासणीचे आकडे वर्तमानपत्रांत आले. त्यात हंगामाला जाण्याआधी गर्भाशय काढलेल्या ८४३ महिलांची नोंद होती, आणि त्यातल्या ४७७ जणी ३० ते ३५ वयाच्या होत्या.

बायका या ऑपरेशनला तयार का होतात? एकच कारण नाही. लवकर लग्न, विशीच्या आत-बाहेर दोन-तीन बाळंतपणं. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीचा कपडा वाळवायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरं जाणं, जास्त रक्तस्राव, कंबरदुखी. खाडा परवडत नाही, म्हणून दुखणं अंगावर काढलेलं. मग गावी आल्यावर दवाखान्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं, आणि 'एकदाची कटकट मिटेल' असं घरातही वाटतं. वास्तविक यातले बरेच त्रास जंतुसंसर्गावरच्या औषधांनी, लोहाच्या गोळ्यांनी, हार्मोनच्या उपचारांनी आटोक्यात येण्यासारखे असतात. पण औषधोपचाराला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा तपासायला जावं लागतं. उसाच्या कॅलेंडरमध्ये तेवढी जागा नसते. ऑपरेशन एका तारखेला होऊन जातं, आणि म्हणूनच ते सोयीचं वाटतं.

खरी अडचण त्या तारखेनंतर सुरू होते. ऑपरेशनची तारीख घरात सगळ्यांना माहीत असते, बरं होण्याची कुणालाच नसते.

पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं, तर पूर्ण बरं व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. योनीमार्गे किंवा दुर्बिणीतून केलं तर काहीसे कमी. बाहेरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं, झालं, आता बरी आहे. पण आतले थर जुळायला आठवडे लागतात. तोवर वजन उचललं तर आतल्या टाक्यांवर ताण येतो, रक्तस्राव होऊ शकतो, पुढे हर्निया होण्याचा धोका राहतो. म्हणून डॉक्टर सांगतात, 'जड उचलायचं नाही'.

आता 'जड' म्हणजे किती, हे त्या घरात मोजून बघू. सुरुवातीच्या आठवड्यांत चार-पाच किलोच्या वर उचलू नये असा साधारण सल्ला असतो. दीड वर्षांचं मूल सुमारे दहा किलोचं. पाण्याचा भरलेला हंडा दहा-पंधरा किलोचा. ओल्या मालाचं घमेलं त्याहून जड. सिमेंटची गोणी ५० किलोची. उसाची मोळी २५ ते ४० किलोची. म्हणजे या घरातली एकही नेहमीची वस्तू चार किलोत बसत नाही. मूल तर बसतच नाही. 'आराम करा' असं सांगून बाईला घरी पाठवलं, तर तो सल्ला तिच्या घरात लागूच पडत नाही.

आणि मूल काय करतं? दीड-दोन वर्षांचं मूल दिवसात पन्नास वेळा आईकडे हात करतं. पडलं की उचलायचं, झोप आली की खांद्यावर घ्यायचं, भरवायचं, शी धुवायची. त्याला ऑपरेशन कळत नाही. आई दिसते पण घेत नाही, एवढंच कळतं, आणि मग ते अधिक रडतं, अधिक बिलगतं. शेवटी आई उचलतेच. यात तिचा हलगर्जीपणा नाही. मुलाची ती गरज आहे, आणि दुसरं कुणी हात पुढे केलेला नाही.

त्यात अंगणात बांधकाम चालू. पाणी साठवलेली टाकी, उघडा ड्रम, खिळे असलेल्या फळ्या, लोंबणारी वायर. एवढ्या वयाचं मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं, कारण तोल जाऊन डोकं आत गेलं की त्याला ते वर काढता येत नाही. ओलं सिमेंट कातडीला जाळतं, आणि मुलाची कातडी नाजूक. म्हणजे नुसतं मूल सांभाळायला नाही, मुलावर सतत नजर ठेवायला माणूस लागतं.

मग ते माणूस कोण? बहुतेक घरांत थोरली मुलगी. आठ-दहा वर्षांची पोर. भाऊ कडेवर, शाळा राहिली. हंगामात फडावर गेल्यावर तर हे ठरलेलंच: आईबाप ऊस तोडतात, कोपीत पोरगी धाकट्याला राखते. आईच्या आजारपणाची किंमत अशी मुलीच्या पाटी-पुस्तकातून वसूल होते, आणि ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गर्भाशय काढलेल्या प्रत्येक बाईला एवढं लहान मूल असतंच असं नाही. पण लग्न लवकर झालेल्या घरांत पस्तिशीतली बाई आजी झालेली असू शकते, आणि मुलगा-सून उसाला गेले तर नातवंड तिच्याच गळ्यात असतं. शिवाय हाच प्रश्न सिझेरियननंतर येतो, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर येतो. आणि नवरा आजारी पडला तरी येतो. कोयत्याचा घाव, सर्पदंश, भरलेल्या गाडीवरून पडणं ही फडातली नेहमीची संकटं आहेत. फरक इतकाच, की नवरा अंथरुणाला खिळला की त्याची सेवा बायकोनं करायची हे गृहीत असतं. बायको खिळली की तिची सेवा कोण करणार, हा प्रश्न विचारावा लागतो.

आता सगळा हिशेब एकत्र ठेवू. समजा एखाद्या घरात ऑगस्टच्या शेवटी ऑपरेशन झालं. त्याला उधारी झाली, ती मुकादमाच्या उचलीतून फिटली. घराचं छत अर्धवट, पुढचा हप्ता यायचा आहे. दसऱ्याला गाडी दारात येणार. मधे आहेत सहा-सात आठवडे. यातले पहिले दोन आठवडे ती खरंच पडून राहते. तिसऱ्या आठवड्यात मूल कडेवर येतं, चौथ्यात हंडा डोक्यावर येतो, सातव्यात कोयता हातात. ती गेली नाही तर कोयता अर्धा होतो, आणि पूर्ण कोयत्याची उचल तर आधीच खर्ची पडलेली असते. इथे नवरा निर्दय आहे किंवा बाई अडाणी आहे असं समजायचं कारण नाही. दोघांनाही व्यवहार नीट कळतो. त्या व्यवहारात तिच्या शरीराला मुदत द्यायला जागाच ठेवलेली नसते.

आपल्याकडे स्लॅब पडला की घरमालक रोज मिस्त्रीला विचारतो, सेंटरिंग कधी काढायचं. मिस्त्री म्हणतो, 'घाई करू नका, खालून टेकू काढला तर बाक येईल.' आणि घरमालक ऐकतो. वरून कडक दिसणारा स्लॅब आतून अजून तयार व्हायचा आहे, हे गावात सगळ्यांना पटतं. शरीराच्या बाबतीतही नेमकं हेच आहे. टाके निघाले म्हणजे टेकू काढायची वेळ झाली असं नाही.

मग करायचं काय? दोन पातळ्यांवर बोलू. एक घराची, एक सरकारची.

घरात करण्यासारखं पहिलं काम ऑपरेशनच्या आधीचं आहे. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे. औषधांनी बरं होण्याची शक्यता आहे का? अंडाशय ठेवणार की काढणार? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण तिशीत अंडाशय काढले तर पाळी जाण्याच्या वयाचे सगळे त्रास, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका हे पंधरा-वीस वर्षं आधी दारात येतात. आणि तिसरा, किती आठवडे काय उचलायचं नाही? शक्य असेल तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ही दोन मोठी सरकारी ठिकाणं जिल्ह्यातच आहेत.

दुसरं, ऑपरेशन करायचं ठरलंच, तर घराचं काम आणि ऑपरेशन एका महिन्यात आणायचं नाही. भिंत महिनाभर थांबली तर बिघडत नाही. तातडीचं ऑपरेशन असेल तर अर्थातच घर थांबेल.

तिसरं, बरं होण्याच्या दिवसांना तारीख आणि माणूस द्यायचा. सहा आठवडे म्हणजे अमुक तारखेपर्यंत, असं कॅलेंडरवर लिहायचं. या दिवसांत पाणी कोण भरणार, मूल कोण उचलणार, हे नावानिशी ठरवायचं. ते नाव थोरल्या मुलीचं नको. नवऱ्याचं हवं, मग सासूचं, नणंदेचं, माहेरच्यांचं. मूल उचलून आईकडे द्यायचं. आई बसलेली असावी, मूल शेजारी बसवावं. आईनं त्याला जवळ घ्यायला, गोष्ट सांगायला, भरवायला काहीच हरकत नसते. फक्त उचलायचं नाही. मुलाला आई हवी असते, कडेवरच हवी असं नाही.

चौथं, पाण्याच्या टाकीवर झाकण, ड्रमवर फळी, आणि बांधकामाच्या बाजूला मुलाला जाता येणार नाही असा आडोसा. याला खर्च जवळजवळ नाही.

पण घरानं कितीही ठरवलं, तरी उचलीचं गणित घर एकट्यानं सोडवू शकत नाही. इथे सरकारचा आणि कारखान्यांचा भाग येतो.

कायदा काय म्हणत आला आहे बघा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या प्रसूती लाभ अधिनियम १९६१ मध्ये गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा लिहिलेली होती. म्हणजे बरं होण्याच्या दिवसांचा मोबदला द्यायचा असतो, हे तत्त्व आपल्या कायद्याला जुनं माहीत आहे. तोवरच लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ मध्ये तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं होतं. पण ऊस तोडणारी बाई व्यवहारात कारखान्याची कामगार धरलीच जात नाही. ती मुकादमाच्या टोळीतली. साखर तिच्या उसाची, पण पाळणाघर आणि रजा तिच्या वाट्याची नाही.

काही पावलं पडली आहेत, ती नाकारू नयेत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी टनामागे दहा रुपयांचा निधी ठरला. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. पण नीट पाहिलं तर वसतिगृह शाळकरी मुलांचं आहे. दीड वर्षाच्या मुलाला तिथे जागा नाही, ते आईबरोबर फडातच जाणार. देखरेख ऑपरेशनवर आहे. ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांवर नाही.

म्हणून आम्हाला दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. शस्त्रक्रिया झालेल्या ऊसतोड महिलेला ठरावीक आठवड्यांचा निर्वाह भत्ता, त्याच टनामागच्या निधीतून. आणि तेवढ्या काळात जोडी अर्धी म्हणून उचल मागे घ्यायला मनाई. दुसरी, जिथे टोळ्या उतरतात तिथे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर, म्हणजे थोरली बहीण शाळेत बसू शकेल.

आणि तोवर? तोवर आपल्यापैकी ज्यांच्या घरी, नात्यात, शेजारी कुणाचं ऑपरेशन होणार आहे, त्यांनी एक साधं काम करावं. 'ऑपरेशन कधी आहे?' हे आपण सगळेच विचारतो. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा: 'नंतरचे सहा आठवडे लेकराला कोण उचलणार?' उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर ठीक. आलं नाही, तर ते काम शेवटी कुणाच्या अंगावर पडणार आहे, हे आता आपल्याला माहीत आहे.

इथे थांबतो. आता प्रश्नोत्तरांकडे वळू.